खांबाचा अतिरिक्त कार्यभार

गेल्या महिन्यातल्या भूकंपात इमारत सुरक्षा कार्यालयाचा, म्हणजे आमचाच, तळमजल्यावरचा खांब तडकला. आता हे झालंच नाही असं समजून पुढे वाचावं. कार्यालयाची अधिकृत भूमिका तीच आहे.

जे झालं नाही ते असं. आमच्याकडे मोडक्या खुर्च्यांचा ढीग होता. फेकता येत नव्हत्या, कारण कागदोपत्री त्या धडधाकट होत्या. म्हणून साहेबांनी खांबाच्या दोन्ही अंगांना छातीपर्यंत भिंत चिकटवून आडोसा केला. त्या भिंतीला पाठ टेकून अर्ज घ्यायला बसते माझी सख्खी मावशी, जिने मला लहानाचं मोठं केलं. तिच्या डोक्याच्या बरोबर वर, खांबावर, आता भेगांची हातभर फुली उमटली होती.

मी तिथला कनिष्ठ अभियंता. धावत साहेबांकडे गेलो.

"बाकीचे खांब?" साहेबांनी विचारलं.

"ते मोकळे आहेत, साहेब. जमीन हलली की थोडे झुकतात, परत सरळ होतात. याला भिंतीने छातीपर्यंत आवळलंय. उरलेला तुकडा आखूड, झुकता येत नाही, म्हणून सगळा धक्का तोच खातो. आधी एका बाजूने तिरका चिरला, मग दुसऱ्या बाजूने. आतल्या सळ्यांना आवळून धरणाऱ्या लोखंडी रिंगाही भांडण झाल्यासारख्या लांब लांब बसल्यात."

"म्हणजे सगळे झुकले आणि हा एकटा ताठ राहिला?"

"हो."

"मग शिस्तभंग त्याचाच!"

"साहेब, भिंत पाडू या."

"आणि खुर्च्या? दिसतील की लोकांना!"

खांबाला कारणे दाखवा नोटीस निघाली. ती फुलीवरच चिकटवल्यामुळे फुली दिसेनाशी झाली, आणि दुरुस्ती पूर्ण झाल्याचा अहवाल वर गेला. खांबाने मुदतीत खुलासा दिला नाही. सबब त्याला निलंबित करण्यात आलं. निलंबनाच्या काळात नियमाप्रमाणे निम्माच भार. वरच्या मजल्यावरच्या कपाटांना या आदेशाची प्रत मिळाली नसावी. ती पूर्वीसारखीच दाबत राहिली.

पण उरलेला निम्मा भार कोणी घ्यायचा? साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. सर्वात जवळ मावशी होती. तिला खांबाचा अतिरिक्त कार्यभार देण्यात आला.

"म्हणजे मी करायचं काय?" मावशीने विचारलं.

"काही नाही हो. फक्त जागा सोडायची नाही. विशेषतः भूकंपात."

"मला गुडघे धरून उठावं लागतं, आणि मी छत धरू?"

"तात्पुरतं आहे, मावशी."

"तुम्हीही तात्पुरतेच आला होतात, साहेब."

मी तिला रजा टाकायला लावली. अर्ज नामंजूर होऊन आला. शेरा होता: 'खांबास रजेची तरतूद नाही.'

मग काल पुन्हा जमीन हलली. बारीकच, पण अख्खं सुरक्षा कार्यालय रस्त्यावर, सर्वात पुढे साहेब, हातात टिफिन. मोजून पाहतो तर मावशी नाही! आत पळालो. बाई खुर्चीत बसलेली, एक हात वर, नोटिशीतून सिमेंटचा भुगा तिच्या केसांत गळतोय.

"मावशी, ऊठ!"

"अरे गधड्या, कार्यभार कोणाकडे सोपवू?"

"माझ्याकडे दे!"

ती अशी काही उठली की गुडघ्यांनाही कळलं नाही. जाताना म्हणाली, "पंखा तीनवर ठेव, चारवर भिंत हलते."

तेव्हापासून प्रस्तुत मजकूर मी त्याच खुर्चीत, डावा हात वर धरून लिहीत आहे. समोर अर्जदारांची रांग आहे. त्या रांगेत आपणही दिसलात, म्हणून सविनय विनंती की, आपण राहता त्या इमारतीखाली गाड्या लावतात तिथे खांबाला चिकटवून आपण सर्वांनी एकमताने बांधलेली अर्धी भिंत त्वरित पाडावी आणि तिच्यामागची आपली मोडकी सायकल घरात नेऊन ठेवावी. भिंतीशी आपली मावशी बसत नाही, हे कारण ग्राह्य धरलं जाणार नाही.