शेगडी दोन बोटं सरकवताना

खिडकीला लागून शेगडी ठेवली तर वाऱ्याने ज्योत विझते, हे कळायला फार शिकावं लागत नाही. म्हणून मी ती शेगडी फक्त दोन बोटं सरकवायचं ठरवलं. शेगडी खरी नव्हती, शेजारच्या मुलीच्या लॅपटॉपमध्ये होती, एवढाच काय तो फरक.

ही मुलगी लोकांच्या घरांचे नकाशे काढते. नोकरी सोडून तिने स्वतःचं काम सुरू केलं, त्यातलं हे पहिलंच मोठं. चारपर्यंत नकाशा गेला नाही तर काम दुसऱ्याला जाणार होतं. (हे तिने मला सांगितलं नव्हतं. भिंत पातळ आहे.) दुपारी मी कात्री मागायला गेले, तर ही सकाळपासून पारोशीच बसलेली.

"जा, आंघोळ करून ये. मी बसते इथे."

"काकू, कशाला हात लावू नका हं. स्वयंपाकघरातल्या सगळ्या वस्तूंचा ग्रुप केलाय. एक ओढली की सगळ्या सरकतात."

"मी कशाला हात लावतेय?"

आत नळ सुरू झाला आणि मी माऊस धरला.

शेगडी ओढली, तर तिच्या मागोमाग ओटा, सिंक, फ्रिज, कपाटं, सगळी वरात निघाली. (आमच्या माहेरी एकाला बोलावलं की अकरा येतात, अगदी तसं.) अख्खं स्वयंपाकघर संडासात जाऊन बसलं. मला घाम फुटला. इकडेतिकडे दाबता दाबता ग्रुप मोडायची सोय सापडली. फोनवर ग्रुप मोडला की जो तो आपापल्या घरी जातो. मला वाटलं, वस्तूही जातील.

त्या गेल्या नाहीत, नुसत्या सुट्या झाल्या. कपाट उचलायला गेले तर हँडल हातात आलं. ते ठेवायला गेले तर शेगडीची बटणं पलंगावर पसरली. जितकं आवरावं तितकं वाढत होतं. शेवटी आमच्या टीव्हीचा उपाय आठवला: बंद करून पुन्हा चालू करायचं. बंद करताना लॅपटॉपने विचारलं, बदल सेव्ह करायचे का? कोणी इतक्या अदबीने विचारलं की माझ्याच्याने नाही म्हणवत नाही.

मुलगी केस पुसत बाहेर आली. स्क्रीनकडे बघून तशीच उभी राहिली.

"काकू, फ्रिजला सात हँडल का आहेत?"

"कुणाची कुठली ते कळेना, म्हणून एका जागी नीट ठेवली."

"सेव्ह केलंत?"

"त्यानेच विचारलं."

"आणि फाइल बंद करून उघडलीत. म्हणजे आता केलेलं मागेही घेता येणार नाही." ती मटकन खुर्चीत बसली. "संपलं काकू. गेलं काम."

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा तो बारीक आवाज ऐकून मला वाटलं, आपण मेलो असतो तरी हिचं इतकं नुकसान झालं नसतं.

"मी एकेक उचलून देऊ का?"

"तुम्ही सोफ्यावर बसा. हात मांडीखाली ठेवा."

बसले. दीड तास ती एकेक दार, एकेक हँडल जागेवर नेत होती. मला शिंक आली, तीसुद्धा मी गिळली. घड्याळात चार वाजले, चारावर दहा झाले, तेव्हा कुठे नकाशा गेला. लगेच फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

"उशीर झाला," पलीकडचे गृहस्थ म्हणाले. "मी दुसऱ्याला फोन लावणारच होतो."

"सॉरी सर. ऐनवेळी एक अडचण आली."

"गेली का ती?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "नाही सर. सोफ्यावर बसली आहे."

 मी हात मांडीखाली आणखी आत सारले.

"आमच्याही घरी एक आहे," ते हळूच म्हणाले. "नकाशा ठीक आहे. सोमवारी मापं घ्यायला या. तुमची मात्र तिकडेच ठेवून या."