मोतीरामांचं आबनूस

इंदिरानगरातल्या प्रत्येक बागेबद्दल मोतीराम गांगुर्डे यांना मनापासून तिटकारा होता. शेवंती त्यांना गावंढळ वाटे, गुलाब मंगल कार्यालयातले, आणि शेजारच्या यादवराव आहेरांची वांगी-टोमॅटो तर बघायच्याही लायकीची नव्हती. पंच्याण्णव साली भाच्याने मॉरिशसच्या एका रोपवाटिकेतून आबनुसाच्या, म्हणजे काळ्याभोर लाकडाच्या दुर्मीळ झाडाच्या, बिया आणल्या. हे झाड तिथल्या एका छोट्याशा बेटावर जेमतेम तग धरून होतं. आपल्या तोडीचं काहीतरी अखेर बागेत आलं, असं मोतीरामांना वाटलं.

दोन रोपं उगवली. त्यातलं एक मरतुकडं होतं.

"साहेब, ते टाकून देणार असाल तं मला द्या," यादवराव कुंपणावरून म्हणाले.

"न्या. पण हा कांदा नाही. तुमच्या देवळा गावी कांदा येतो म्हणून हेही येईल, असं समजू नका."

"येईल तं येईल," म्हणत यादवराव रोप घेऊन गेले.

आबनुसाला ऊन हवं म्हणून त्यांच्या पत्नी मोहिनीबाईंचा शेंगांनी लगडलेला शेवगा तोडला गेला. बेटावर खारं वारं असतं म्हणून मोतीराम पंपाने मिठाचं पाणी फवारू लागले. आबनुसाला काही झालं नाही. तुळस गेली, कढीपत्ता गेला, फाटक गंजलं.

"आता मीच तेवढी उरलेय," मोहिनीबाई म्हणाल्या.

पुढे यादवरावांच्या पेरूची सावली पडायला लागली. मोतीरामांनी तक्रार करून पेरू छाटायला लावला आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं; मोतीरामांनी तिकडे बघणंही सोडलं.

बऱ्याच वर्षांनी झाडाला फुलं आली. मोतीरामांनी कॉलनीला चहाला बोलावलं आणि कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या दिशा मोगल मॅडमनाही. मॅडमनी भिंगातून फुलं न्याहाळली.

"झाड अस्सल आहे," त्या म्हणाल्या. मोतीरामांनी सगळ्यांवरून तुच्छतेने नजर फिरवली. "पण मादी आहे. नर झाडाचे पराग मिळाले नाहीत तर फळ धरणार नाही. एकटं राहून असंच संपेल."

"मग नर कुठे मिळेल?"

"आपल्याकडे? कठीण आहे."

"पलीकडे बघा की," चहाचा ट्रे फिरवत मोहिनीबाई म्हणाल्या.

मॅडम स्टुलावर चढल्या. कुंपणापलीकडे वांग्यांच्या वाफ्यात पुरुषभर उंचीचं आबनूस फुलांनी डवरलं होतं. शेजारी यादवराव पाइप धरून उभे होते.

"नर आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि काय ठणठणीत आहे."

पाहुणे आपापल्या कपात बघू लागले.

"मोहिनी, जरा जाऊन चार फुलं मागून आण," मोतीराम पुटपुटले.

"मी कशाला? आपण मुलीकडचे. बापानंच जायचं असतं."

मोतीराम गंजलेल्या फाटकातून बाहेर पडले आणि शेजारच्या अंगणात जाऊन उभे राहिले. यादवरावांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी नळ बंद केला, हात पुसले, खुर्ची पुढे केली.

"बसा साहेब. असं उभ्याउभ्या ठरत नाय. मुलीची उंची किती?"

मोतीराम खुर्चीच्या कडेला टेकले.

"कमरेएवढी," ते म्हणाले, आणि कॉलनीने कधी न ऐकलेल्या आवाजात पुढे म्हणाले, "पण वाढेल अजून."