विकराचा काना

शुद्धलेखनाच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. जन्मभर विनोदी लिहिलं, पण ऱ्हस्व-दीर्घाची थट्टा कधी केली नाही. लग्नपत्रिका हातात आली की आधी चुका बघतो, मग नवरा कोण ते बघतो! त्यामुळे सुनेने गोठेवाल्यांपुढच्या भाषणासाठी पडद्यावर दाखवायचा मजकूर तयार केला, तेव्हा मी न विचारताच म्हणालो, "एकदा नजर फिरवतो. तू निश्चिंत राहा!"

सूनबाई पशुवैद्यक कॉलेजात संशोधन करते. विषय, गाईच्या गर्भाशयातला द्रव आणि त्यात काय काय असतं. जेवताना हा विषय निघाला की माझा घास अर्ध्या वाटेवर थबकतो, पण ते असो. त्या द्रवाचे नमुने हवेत तर गोठेवाल्यांनी गाई द्यायला हव्यात. विभागप्रमुखांनी तिला बजावलं होतं, "आज ते हो म्हणाले नाहीत, तर काम बंद."

"बाबा, फक्त वेलांट्या बघा हं!"

वेलांट्या ठीक होत्या. पण हे काय? 'गर्भाशयातील द्रवात प्रथिने आणि विकर असतात.' विकर? पोरीने काना खाल्ला की! आणि एकदा नव्हे, पानोपानी. मी कॉम्प्युटरला एकच हुकूम सोडला, दिसेल तिथे विकरचा विकार कर. त्याने निमूटपणे केला. यंत्राला लाज नसते.

सभागृह गच्च भरलं होतं. पुढच्या रांगेत विभागप्रमुख. शेजारी गोठेवाल्यांचे पुढारी, मिशीवाले. मिशा अशा की दोन्ही टोकांना दुधाची एकेक चरवी अडकवावी! त्यांच्यामागे मी आणि माझी बायको.

सून पडद्याकडे पाठ करून बोलू लागली. "निरोगी गाईच्या गर्भाशयात शेकडो विकर असतात."

पडद्यावर हातभर अक्षरांत: शेकडो विकार!

कुजबुज थांबली.

"गाय माजावर आली की यातले काही विकर वाढतात."

पडद्यावर विकार वाढले.

मागून कुणी पुटपुटलं, "बाई म्हणतेय काय?"

"विकार म्हणतेय. घाबरून काना गिळतेय."

मी बायकोला कोपराने ढोसलं. "बघ, उच्चारही चुकतोय पोरीचा!"

सून रंगात आली होती. "गर्भाशयाच्या भिंतीला चिकटेपर्यंत गर्भ याच द्रवावर पोसला जातो. विकर नसतील तर गर्भ टिकायचा नाही! म्हणून तुमच्या गाईंमधले विकर आम्हाला मोजायचे आहेत."

मिशीवाले उभे राहिले. "बाई, माझ्या गोठ्यात एकीलाही विकार नाही."

"असणारच काका! प्रत्येकीत असतात!"

"प्रत्येकीत? हे बाहेर गेलं तर आमचं दूध कुत्रं तरी पिईल का?"

"पण त्यात वाईट काय आहे?"

"ऐका! म्हणे वाईट काय आहे!"

खुर्च्या करकरल्या. मागची रांग उठली. विभागप्रमुखांनी डोळे मिटून घेतले. सून गोंधळून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

"अहो," बायको दबक्या आवाजात म्हणाली, "विकर म्हणजे ते अन्न पचवणारे ना?"

"असा शब्दच नाही."

"नाही कसा? रोज जेवताना सांगते ती! तुमच्या पोटात असते तर निदान शब्द तरी पचला असता!"

मिशीवाले दारापर्यंत पोचले होते.

"थांबा!" मी ओरडलो. "तो काना माझा आहे! बाईंचा नाही!"

धडपडत मंचावर चढलो आणि पडद्यावरचा काना तळहाताने झाकला. काना हातावर चढला! पुढे सरकून डोक्याने अडवायला गेलो, तर टकलावर जाऊन बसला. प्रकाश मागून नव्हे, समोरून येतो, हे वयाच्या या टप्प्यावर कळलं. सगळे डोळे विस्फारून माझ्याकडे बघत होते. कुणी हसेना.

सुनेने पडदा पाहिला. मग मला पाहिलं. तशी नजर माझ्या वाट्याला पुन्हा न येवो!

"काना विसरा," ती शांतपणे म्हणाली. "शब्द विकर. विकर म्हणजे शरीरातली कामं झटपट उरकणारी प्रथिनं. रोग नव्हे."

मिशीवाले दाराची कडी धरून उभे. "रोग नव्हे?"

"नाही."

"मग हे कोण?"

"माझे सासरे."

मिशीवाल्यांनी मला टकलापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग मिशा हलल्या.

"बसा रे सगळे! घरात एवढं असूनही बाई संशोधन करते. हिला गाई द्यायलाच हव्यात."

गाई मिळाल्या. काम झालं, छापूनही आलं. शेवटच्या ओळीत सुनेने मोठ्या मनाने 'सासऱ्यांचे आभार' असं लिहिलं होतं. पण छापणाऱ्याने 'आ' खाल्ला. छापलं गेलं, 'सासऱ्यांचे भार'.

मी पेन शोधू लागलो. बायकोने ते आधीच उचललं होतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "या वेळी बरोबर छापलंय."