टेक ऑफवाला मनवेल

मनवेल दार वाजवायचा नाही. सरळ आत यायचा, डोक्यावरची टोपी काढायचा आणि विचारायचा, "बाबू, हे टेक ऑफ?"

"येस."

"विमान उडालं, तेही टेक ऑफ?"

"येस."

"सुट्टी घेतली तरी?"

"येस, येस."

"आमच्या स्पेनमध्ये प्रत्येक कामाला वेगळा शब्द! या इंग्रजांकडे एकच गडी, सगळी कामं त्याच्याच गळ्यात!" असं ओरडत तो खोलीभर चकरा मारायचा. त्याच्याकडे बघून मलाच दम लागायचा.

आता हे मला का विचारायचं? मी दुसरी नापास. माझं इंग्रजी म्हणजे येस, नो, ब्रेक आणि क्लच. एरवी आम्ही मोडक्या अरबीत, हातवारे करत बोलायचो. पण बहरीनच्या गुदैबियात शेजारच्या खोलीत राहणाऱ्या या क्रेनवाल्याला वाटायचं, इंडियन म्हणजे इंग्रजी येणारच. मीही गप्प बसलो. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला मास्तर म्हणत होतं.

त्याला घाई होती. गोदीत फोरमनची जागा निघाली होती. साहेबासमोर इंग्रजी बोलायचं. जमलं तर फॅमिली क्वार्टर, म्हणजे बायको आणि मुलगी बहरीनला येणार.

मला लिहिता येत नाही, म्हणून आईला मी कॅसेट भरून पाठवायचो. त्याच टेपवर मनवेल धडा बोलून परत ऐकायचा. एकदा मी शहाण्यानं त्याचीच कॅसेट गावी धाडली. कुडाळकडच्या आमच्या वाडीनं पडवीत बसून अख्खं टेक ऑफ ऐकलं. बाबू साहेब झाला, असं अर्ध्या वाडीचं मत. उरलेले म्हणाले, डोक्यावर परिणाम झालाय.

इंटरव्ह्यूत साहेबानं टेक ऑफ विचारलंच नाही. क्रेन चालवायला लावली आणि खलास! मनवेल फोरमन. मी गल्लीभर सांगत सुटलो, माझाच विद्यार्थी!

क्वार्टर मिळालं. पडदे लागले, मुलीची खाट आली. मग स्पेनहून फोन आला. बायको येणार नव्हती. आता नाही आणि पुढेही नाही.

मी गेलो तर हा त्या खाटेवरची चादर नीट करत होता. झाली की विस्कटायची, परत नीट करायची.  मी खोलीवरून टेप आणला आणि आईची नवी कॅसेट लावली. त्यात त्याची चौकशी होती.

"कोण रे तो झील? घसो सुकलो हा त्येचो. जेवलो काय तो? पोटभर जेव म्हणान सांग त्येका."

"काय म्हणते?" मनवेलनं विचारलं.

"तुला विचारते, पोरा, जेवलास का?"

त्यानं टेपकडे बघितलं. हळूच म्हणाला, "सी, ममा." सी म्हणजे त्यांचं येस.

जेवला कुठला! स्टोव्ह गार होता. मी उठून भात टाकला.