गरजू एक, सेवक एक्केचाळीस

आमच्या चर्चच्या मंडळीत स्वार्थ फार बोकाळला आहे, असा उपदेश पाळकसाहेबांनी एका रविवारी केला. पुढचे दोन रविवारही तोच विषय चालला, तेव्हा कार्यकारिणीला गांभीर्य पटलं आणि निःस्वार्थ सेवा समिती स्थापन झाली. चिटणीस म्हणून माझी निवड बिनविरोध झाली. मी शेवटपर्यंत नको नको म्हणत होतो. ते नको म्हणायची संधी मिळावी म्हणून आधीचे चार दिवस घरोघर फिरलो होतो, ही गोष्ट वेगळी.

मी निवृत्त हेडक्लार्क. चौतीस वर्षं लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवले. त्यामुळे सेवेचे नियम करायला मला एक दुपार पुरली. उजव्या हाताने केलेलं डाव्या हाताला कळू नये, हे आम्हाला मान्यच आहे. पण कार्यालयाला कळायला हरकत नसावी. म्हणून प्रत्येक सेवकामागे एक कागद ठरला. त्यावर तीन रकाने: गरजूचे नाव, केलेली सेवा, सेवकाची सही. कागद गरजूकडेच ठेवायचा, बाकीचं त्यानेच भरायचं आणि सेवकाने सही करायची, म्हणजे लबाडीला वाव नाही.

खरी मेख कलम सातमध्ये होती. ज्याचे सेवेचे दहा तास भरलेले नाहीत, त्याला मंडळीच्या वडीलपदासाठी उभं राहता येणार नाही. वडील म्हणजे कारभारातला मानाचा माणूस. उपासनेला सगळे बाकावर बसतात, वडील पुढे हातांच्या खुर्चीत बसतात. त्या खुर्चीवर माझा अकरा वर्षं डोळा होता. प्रार्थनेला डोळे मिटतात तेव्हाही त्यातला एक जरा किलकिलाच असायचा.

वार्षिक सभेपूर्वी सेवा करायला एक्केचाळीस जण पुढे आले. घोडं अडलं ते गरजूपाशी. गरजू चालत जाण्याच्या अंतरावर राहणारा, घर नीटनेटकं ठेवणारा आणि स्वभावाने कृतज्ञ असावा, असं कलम चार सांगत होतं. चौकीदाराला दमा होता, पण तो चौथ्या मजल्यावर राहायचा आणि लिफ्ट नव्हती. एक आजोबा अंथरुणाला खिळले होते, पण ते शिव्या देत. छाननीअंती उरल्या फक्त शिवणमावशी.

शिवणमावशींनी तीस वर्षं गायनवृंदाचे झगे शिवले. यंदा उपासनागृहाचे पडदे लावायला त्या स्टुलावर चढल्या आणि पडल्या. घोटा मोडला, सहा आठवडे प्लास्टर. पडदे लावणं ही सेवा धरावी का, असा मुद्दा बैठकीत निघाला. पण पडताना त्यांनी पूर्वपरवानगी घेतलेली नव्हती. सबब त्यांना सेवक न धरता गरजू धरण्यात आलं.

एक्केचाळीस कागदांचा गठ्ठा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसून पहिला कागद वाचला.

"हे कसं भरायचं, भाऊ? कोणाचं नाव कुठे?"

"अहो, त्यात काय एवढं! रोज जे घडेल ते खरंखरं लिहा. झालं."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठ ते संध्याकाळी सहा सेवा सुरू झाली. कोणी भजन म्हणे, कोणी शास्त्र वाचून दाखवी, कोणी नुसताच बसे. पण बसण्यातही एक जिव्हाळा असतो. आजाऱ्याच्या घरी चहा घ्यायचा नाही असं ठरलं होतं. पण मावशी एका पायावर लंगडत ओट्यापाशी जायच्या, मग नाही कसं म्हणायचं? त्यांचं मन मोडू नये एवढ्यासाठी आम्ही घेत होतो. मी तर तासाला दोनदा घ्यायचो.

शेजारीण एकदा दारातूनच म्हणाली, "भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झालीय हो मावशींची. जरा पडू द्या की त्यांना!" शेजारीण आमच्या मंडळीतली नव्हती, म्हणून तिची हरकत दप्तरी दाखल केली नाही.

घरी आमच्या सौभाग्यवतींनीही टोमणा मारलाच. "तिकडे तासातासाने सेवा, आणि इथे भाजी आणा म्हटलं की कंबर धरता!"

"अगं, घरच्या कामात स्वार्थ असतो," मी समजावलं. "भाजी मीच खाणार ना?"

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि नेमकं शेवटी प्लास्टरने दगा दिला. ते मंगळवारी निघणार होतं. सभा रविवारी. अजून चौघांचे तास बाकी होते, आणि माझा एक. वकीलसाहेबांसारख्या पुढे पुढे करणाऱ्यांनी सोईच्या वेळा आधीच बळकावल्या होत्या. मला मिळाली शनिवारची दुपार. मी धावत मावशींकडे गेलो.

"मावशी, प्लास्टर शनिवारपर्यंत राहू द्या."

"अहो भाऊ, लेकीचे दिवस भरत आलेत. पहिलंच बाळंतपण, नवरा बोटीवर, सासू नाही. मंगळवारी पाय मोकळा झाला की बुधवारची गाडी धरते. मी येईपर्यंत जीव मुठीत धरून बसलीय पोरगी."

"तारीख जरा पुढे नाही का ढकलता येणार?"

मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पोटातल्याला विचारून बघते," त्या म्हणाल्या.

मी हटलो नाही. पाच जणांची सेवा अपुरी राहील, पाळकसाहेबांना काय वाटेल, हे सगळं सांगितलं. बोलता बोलता अकरा वर्षांचं निघालं, मग ऑफिसातली हुकलेली बढती निघाली, मग माझा मुलगा सणावारीसुद्धा फोन करत नाही तेही निघालं. मी रडलोच. मावशींनी पाणी दिलं आणि बराच वेळ प्लास्टरवरून हात फिरवत राहिल्या.

"थांबते," त्या म्हणाल्या. "तुमची गरज मोठी दिसतेय."

शनिवारी मी वेळेवर हजर झालो. मावशींची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. मी माझ्या बढतीची हकिगत सांगत असताना फोन वाजला. मावशींनी ऐकलं, दोनदा "एकटीच होतीस?" असं विचारलं आणि फोन खाली ठेवला.

"झाली. मुलगी," त्या म्हणाल्या. "शेजारच्यांनी दवाखान्याच्या दारात सोडलं म्हणे."

"अरे वा! अभिनंदन, आजीबाई!"

माझी अजून अकरा मिनिटं उरली होती. अर्धवट काम मला आवडत नाही, म्हणून हकिगत पुढे चालू केली. मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, बढतीचं ऐकून.

तास भरला. मी माझ्या कागदाच्या तळाशी, रकान्याकडे न बघता, सही ठोकली. मावशींनी गठ्ठा बांधून हातात दिला आणि म्हणाल्या, "भाऊ, एवढी पिशवी खाली गाडीपर्यंत नेता का? आधी हे प्लास्टर काढून घेते आणि तशीच जाते."

मी घड्याळ पाहिलं. जादा तास पुढच्या वर्षी जमा धरत नाहीत, हा नियम माझाच. शिवाय भाषण तयार करायचं होतं. दार मात्र मी धरलं, अगदी त्या पिशवीसकट बाहेर पडेपर्यंत.

रविवारी सभेत पाळकसाहेब म्हणाले, "चिटणीस, सगळे कागद मोठ्याने वाचा. मंडळीला प्रेरणा मिळू दे." मी गठ्ठा सोडला, घसा साफ केला आणि वाचू लागलो.

"गरजूचे नाव: वकीलसाहेब. केलेली सेवा: चहा, साखर दोन चमचे. सुनेविषयीची तक्रार ऐकली, पाच वेळा."

सभेत खसखस पिकली. वकील लालबुंद झाले. मी दुसरा कागद घेतला. "गरजूचे नाव: गायनवृंदाच्या बाई. केलेली सेवा: चहा, बिनसाखरेचा. सूर लागत नव्हता, तरी छान म्हटलं." लोक पोट धरून हसत होते, आणि सगळ्यांत मोठ्याने मी. मावशींना एवढा साधा कागद भरता आला नाही, याची मौज वाटत होती. प्रत्येक कागदावर गरजूच्या जागी आमचं नाव होतं. सेवकाच्या सहीच्या रकान्यात त्यांनी स्वतःची सही केली होती, आमच्या सह्या न बघता तळाशी ठोकलेल्या. चाळीस कागद असे हसत हसत वाचून झाले.

एक्केचाळिसावा माझा होता.

"गरजूचे नाव: चिटणीस. केलेली सेवा: चहा, वीस वेळा. बढतीची हकिगत, दहा वेळा. मुलाच्या आठवणीने रडले, पाणी दिलं. यांना खुर्ची हवी आहे, म्हणून लेकीकडे गेले नाही."

कोणी हसलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पाळकसाहेबांनी हळूच बेरीज सांगितली: गरजू एक्केचाळीस, सेवक एक, तास चारशे दहा. कलम सातप्रमाणे वडीलपदाला पात्र एकच व्यक्ती, आणि ती सभेला गैरहजर.

शेवटी वकीलसाहेबच मदतीला धावले. ही निव्वळ लेखनातली चूक आहे, असं म्हणत त्यांनी ठराव मांडला: जिथे गरजू लिहिलं आहे तिथे सेवक वाचावं, आणि जिथे सेवक तिथे गरजू. मी उठून सांगणार होतो की चूक नाही, मावशींनी विचारलं होतं, मीच म्हटलं होतं खरं लिहा. उठलोही. पण सगळे माझ्याकडे अनुमोदक म्हणून बघत होते. मी म्हणालो, "अनुमोदन." ठराव एकमताने मंजूर झाला, आणि पाठोपाठ माझी निवडही.

आता दर रविवारी मी हातांच्या खुर्चीत बसतो. पडद्यांचा एक कोपरा सुटून लोंबतोय, तो बरोबर माझ्या समोर येतो. लावायला कोणीतरी स्टुलावर चढलं पाहिजे, असं आम्ही सगळे एकमेकांना सांगतो.

मावशी अजून परतलेल्या नाहीत. तुम्हीही इथपर्यंत वाचताना आमच्या वकिलांना हसलात, मला हसलात, आणि तुमच्या ओळखीतल्या दोघाचौघांची नावं तुमच्या मनात आली असतील. मीही चाळीस कागद असाच हसत होतो. पण गठ्ठ्याच्या तळाशी मावशींनी स्वतःच्या हाताने रेघा मारलेला एक कोरा कागद आहे. त्यावर नाव घालायचं तेवढं राहिलंय. तुम्हाला चहात साखर किती लागते?