वेन्लाचा टेबलक्लॉथ आणि माझा अडेल कॉम्प्युटर

कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सच्या बाबतीत आमच्या तांपेरे शहरात माझा हात धरणारा कोणी नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही! गेल्या बावीस वर्षांत मी तयार प्रोग्रॅमला हात लावलेला नाही. मूळ मजकूर आणायचा, तो स्वतः कंपाइल करायचा, म्हणजे यंत्राला चालेल असा घडवायचा, आणि मगच वापरायचा. तयार प्रोग्रॅम उतरवून घेणारी माणसं मला डब्यातलं मटाराचं सूप गरम करून खाणाऱ्यांसारखी वाटतात.

त्यामुळे सोमवारी सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "आई, दहा मिनिटांचं काम!"

सासूबाई म्हणजे आइली. वय एक्याऐंशी. तरुणपणी इथल्या कापड गिरणीत विणकर होत्या, आता घरच्या मागावर विणतात. कोणत्या ओळीला ताण्याचे कोणते धागे उचलायचे, हे त्या मागाला कॉम्प्युटर सांगतो. आमच्या मुलीच्या, वेन्लाच्या लग्नासाठी त्या टेबलक्लॉथ विणत होत्या. अर्धा विणून झाला आणि कॉम्प्युटरने मान टाकली. लग्न शनिवारी!

"नक्षी माझ्याकडे आहे रे ओस्मो, पण मागाच्या प्रोग्रॅमशिवाय उघडत नाही," त्या म्हणाल्या. "दीड दिवसाचं विणकाम उरलंय. गुरुवारी दुपारी बसले नाही, तर अर्ध्या पाहुण्यांना उघड्या लाकडावर कॉफी द्यावी लागेल."

मी जुन्या भागांतून त्यांच्यासाठी नवा कॉम्प्युटर जोडला, मागाचा प्रोग्रॅम कंपाइल करायची आज्ञा दिली आणि हाताची घडी घालून बसलो. पडद्यावर अक्षरं धावू लागली. काय तो वेग! मी मार्केत्ताला, म्हणजे बायकोला, बघायला बोलावलं. ती येईपर्यंत सगळं थांबलेलं. माऊस हलेना, कळफलक दाद देईना, घड्याळसुद्धा चार वाजून सात मिनिटांवर अडलेलं!

"छान आहे," मार्केत्ता म्हणाली. "फोटो आहे का?"

तार उपटून पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच. मग मी लिनक्सवाल्यांच्या मंचावर प्रश्न टाकला. तिथे एक पंडित म्हणाले, "मेमरी खराब आहे. दोनपैकी एक पट्टी काढून बघा." काढली. आता तर दोन मिनिटांतच अडला! सापडला चोर, उरलेली पट्टी खराब! ती काढून आधीची लावली. तरी दोन मिनिटांतच! म्हणजे दोन्ही खराब, असा निकाल मी देऊन टाकला. त्यावर दुसरे पंडित म्हणाले, "छे, यंत्र तापत असणार."

बाहेर उणे बावीस अंश तापमान होतं. एवढं फुकटचं गार वारं असताना पंखा कशाला हवा? मंगळवारी मी बाल्कनीचं दार सताड उघडून यंत्र उंबऱ्यात ठेवलं. मार्केत्ता लोकरी टोपी घालून माशाचं सूप प्यायली.

"ओस्मो, नवरीची आई लग्नात न्युमोनियाने झोपलेली चालेल का तुला?"

"विज्ञानासाठी थोडं सोसावं लागतं!"

"विज्ञान तुझं आणि सर्दी माझी होय?"

यंत्र बर्फासारखं गार पडलं आणि तसंच गारेगार अडलं! बुधवारी तिसऱ्या पंडितांनी सांगितलं, की लिनक्सचा गाभाच नव्याने कंपाइल करा, त्याने हा आजार जातो. केला. तोही अर्ध्यात अडला. अडण्यावरचं औषध घोटतानाच यंत्र अडायला लागल्यावर माझा धीर सुटला. वेन्लाचा फोन आला, "बाबा, आजीचं काम झालं ना?" मी म्हणालो, "झालंच समज!" आणि बाथरूममध्ये जाऊन नुसता बसलो.

गुरुवारी सकाळी सासूबाई बसने आल्या. मोजे विणायचं सामान काढून माझ्या मागे खुर्ची टाकून बसल्या. मी सातव्यांदा कंपाइल सुरू केलं.

"ह्या भराभर वाढतायत त्या ओळी कसल्या रे?"

"ते कामगार, आई. एकेक कामगार प्रोग्रॅमचा एकेक तुकडा घडवतो."

"किती लावलेस?"

"आकडा दिलाच नाही!" मी अभिमानाने सांगितलं. "आकड्याची जागा रिकामी सोडली की हवे तेवढे येतात. आपल्या अंगणातल्या तालकोतच्या श्रमदानासारखं! फुकट श्रमाला आलेल्यांची डोकी कशाला मोजायची?"

तेवढ्यात यंत्र अडलं. सासूबाईंनी सुया खाली ठेवल्या.

"मागच्या मे महिन्यात अंगण साफ करायचं तालकोत तूच बोलावलं होतंस ना?"

"हो! साठ माणसं आली होती!"

"आणि दाताळी किती होती?"

"नऊ."

"मग अंगण साफ झालं का?"

कसलं होतंय! साठ माणसं दाटीवाटीने उभी राहून सॉसेज खात होती, आणि नऊ दाताळीवाल्यांना दाताळं फिरवायला जागा नव्हती.

"तुझ्या ह्या कामगारांनाही मांडामांड करायला जागा लागत असेल की."

"लागते ना. मेमरीत लाग..." माझी जीभ तिथेच अडली. पट्टी काढल्यावर ते लवकर का अडत होतं, तेही आत्ता डोक्यात शिरलं. जागाच निम्मी झाली होती!

"आत्ता थांबलं तेव्हा दोनशे सात झाले होते," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही मोजलेत?!"

"मोजायचं काय त्यात? गिरणीत बत्तीस माग माझ्या एकटीकडे होते. कुठल्या मागाचा धागा तुटला ते त्या गोंगाटातही नुसतं ऐकून कळायचं. पण तेहतिसावा दिला असता ना, तर बत्तीसही बंद पडले असते. मुकादमाला तसं तोंडावर सांगितलं होतं मी. चार लाव."

"चारच? अहो आई, एवढ्या यंत्राला..."

"चार!"

चार लावले. पडदा संथपणे सरकत राहिला, माऊस हलत राहिला, घड्याळ चालत राहिलं. मागे सुयांची टिकटिक चालू होती. पाऊण तासाने प्रोग्रॅम तयार! मला एकदम भरून आलं. ज्यांना मी बावीस वर्षं कॉम्प्युटर कसा बंद करायचा ते समजावत होतो, त्या बाईंपुढे आपण कोण, असं मनापासून वाटलं.

लगेच त्यांच्या घरी जाऊन कॉम्प्युटर मागाला जोडला. नक्षी उघडली. खट्‌ आवाज झाला, शेकडो धाग्यांतले नेमके हवे तेवढेच वर उचलले गेले, त्यांतून धोटा सरकला, आणि अर्ध्यावर तुटलेल्या फांदीला पुढचं पान फुटू लागलं. एकही धागा इकडचा तिकडे नाही! मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

"आई, असा माग आणखी कोणाकडे आहे का?" मी विचारलं.

"माझ्या मैत्रिणीकडे, इर्याकडे आहे की. तिने हाच प्रोग्रॅम तयार उतरवून घेतला, अर्ध्या मिनिटात. मलाही पेनड्राइव्हवर दिलाय. पर्समध्ये आहे, कालपासून."

"पर्समध्ये? मग सांगितलं का नाहीत?!"

"दोन वाजेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं," धोटा न थांबवता सासूबाई म्हणाल्या. "तू स्वतःच्या हाताने करून देतो म्हणालास, मग तुझा हिरमोड कशाला करायचा? टेबलक्लॉथही दुकानात तयार मिळतोच की!"

भिंतीवरच्या घड्याळात दोनला दहा मिनिटं कमी होती. मी कॉफी करायला उठलो. किती चमचे पूड घालायची, ते मात्र आधी विचारून घेतलं!