बॉयलरकाका आणि अंगठ्याएवढा स्विच

"प्रेशर म्हणजे काय ते मला शिकवू नकोस," असं बॉयलरकाकांनी गॅरेजवाल्याला सकाळीच सुनावलं होतं, आणि तसं सुनावायचा त्यांना हक्कही होता. पस्तीस वर्षं त्यांनी कारखान्याचा बॉयलर सांभाळला. दुमजली घराएवढं ते धूड काका समोर आले की शहाण्या मुलासारखं वागायचं. म्हणजे, असं काकाच सांगत. अशा माणसापुढं मोटारीच्या एसीचा प्रेशर स्विच तो केवढा? अंगठ्याएवढा. तोही किडकिडीत माणसाच्या.

पण तो बिघडला होता आणि त्याच्यापायी एसी सुरूच होत नव्हता. एरवी काकांनी काचा खाली करून दिवस काढले असते. आज मात्र मुलगी पाच दिवसांच्या बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी यायची होती. ऊन असं, की अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय टाकला तर माणूस नाचायलाच लागावा. काकांनी मुलीला शब्द दिला होता, "माझी नात घरी येईल ती गारेगार गाडीतून, आणि गाडी मी आणणार." जावई नुसतं "टॅक्सी सांगू का?" म्हणाले, तर काका दोन दिवस त्यांच्याशी तुटक बोलत होते.

"परवा या, लावून देतो," गॅरेजवाला म्हणाला होता.

"नातीला परवापर्यंत दवाखान्यातच ठेवू का? आण तो स्विच इकडं."

त्यानं नवा स्विच दिला आणि वर बजावलं, "काका, जुना बसलाय त्याच्या बुडाशी एक झडप असते. स्विच पुरता निघाला की ती आपोआप मिटते, गॅस आतच राहतो. काढताना मधेच फुस्स होईल. तिथं थांबायचं नाही. भराभर फिरवत राहायचं. अर्ध्यावर सोडलात तर झडप उघडीच राहील."

"फुस्स झालं की फिरवत राहायचं. झालं?"

हे वाक्य काकांनी घरी येईस्तोवर पाठ केलं. चहा पिताना म्हटलं, आंघोळ करताना म्हटलं.

दवाखान्यात चार वाजता पोचायचं होतं. जेवण झाल्यापासून काकांचं बूड काही टेकेना. घड्याळ बघ, खिडकीतून गाडी बघ, परत घड्याळ बघ. शेवटी दोनच्या सुमाराला त्यांनी पान्यांची पिशवी उचलली.

"हे काय आता?" काकूंनी विचारलं.

"पाच मिनिटांचं काम आहे."

"नळाचंही पाच मिनिटांचंच होतं. चार दिवस शेजारून पाणी भरलं मी."

"नळाचं सोड. हे माझ्या विषयातलं आहे."

काकू तडक आत गेल्या. त्यांनी कुणाला तरी फोन लावला. तिकडं लक्ष द्यायला काकांना सवड कुठली?

गाडी इमारतीच्या अंगणात, टेलरमास्तरांच्या दारासमोर उभी होती. काकांनी बॉनेट उघडलं, बॅटरीची तार सोडली, स्विचची वायर काढली, पाना बसवला आणि एक आटा फिरवला. दुसरा फिरवला. तिसऱ्याला झालं फुस्स.

आता, काकांच्या डोक्याला सगळं पाठ होतं, पण हात पस्तीस वर्षं दुसरीकडं नोकरीला होते. बॉयलरवर नको तो आवाज आला की काय करायचं, हे त्या हातांना कुणाला विचारावं लागत नव्हतं. हातातलं टाकायचं, ओरडायचं आणि माणसं बाहेर काढायची. पाना फरशीवर खणकन पडला.

"प्रेशर सुटलं! सगळे बाहेर व्हा!"

बॉयलरच्या खडखडाटावरून पलीकडं पोचायला घडलेला तो आवाज. तीन मजल्यांची इमारत दोन मिनिटांत रिकामी झाली. टेलरमास्तर गळ्यात टेप घालून आले. त्यांच्यामागून त्यांचं गिऱ्हाईक आलं, एका बाहीचा कोट घालून. वरच्या मजल्यावरच्या बाई डोक्याला मेंदी थापून बसल्या होत्या, त्या तशाच आल्या. काकांनी सगळ्यांना रस्त्यापलीकडच्या भिंतीशी ओळीत उभं केलं आणि मोजलं.

"किती वेळ थांबायचं?" टेलरमास्तरांनी विचारलं.

"आवाज बंद होईपर्यंत. घाई करायची नाही. एकदा आमचा बॉयलर निवायला आठ तास लागले होते."

"आठ तास?" मेंदीवाल्या बाई म्हणाल्या. "मला दोन तासांत धुवायचंय हो हे."

"केस महत्त्वाचे की जीव?"

"पण सुटलंय काय नक्की?" गिऱ्हाइकानं रिकाम्या खांद्यावर हात ठेवत विचारलं.

अंगणातून बारीक आवाज येत होता. फुस्स, फुस्स, कुणीतरी झोपेत नाराज असल्यासारखा. काकू पदरानं वारा घेत शांतपणे म्हणाल्या, "अहो, फुस्स झालं की फिरवत राहायचं होतं ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? सकाळपासून जप चालला होता तुमचा."

काकांचा चेहरा पडला. म्हणजे स्विच अर्ध्यावर आहे. म्हणजे झडप उघडी आहे. म्हणजे ज्या गॅसनं नातीला गार वारा द्यायचा, तो अंगणातल्या मांजराला वारा घालतोय. अजून दोन आटे फिरवले तर निम्मा तरी वाचेल! काका रस्ता ओलांडून धावले. सत्तरीचा माणूस, पण असा धावला की गिऱ्हाइकानं बाही सावरली. फाटकाशी पोचले, आणि आवाज थांबला.

काका तिथंच फाटकाला धरून उभे राहिले. आता गाडीत गार असं काही उरलं होतं, तर ते पाण्याच्या बाटलीत.

तेवढ्यात त्यांच्या पाठीशी एक टॅक्सी येऊन थांबली. जावई उतरले. "दवाखान्यानं लवकर सोडलं, बाबा. आणि आईंचा फोन आला होता दोन वाजता, टॅक्सीच घेऊन या म्हणून." त्यांनी भिंतीशी उभी असलेली ओळ पाहिली. "हे सगळे बाळाला बघायला थांबलेत का?"

ओळीतलं कुणीच काही बोललं नाही. एवढं ऋण काका जन्मात विसरणार नव्हते.

मागच्या काचेतून मुलगी म्हणाली, "बाबा, आधी आत या. बाहेर भट्टी आहे."

काका आत बसले. टॅक्सीत डिसेंबर होता. मुलीनं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. इवलंसं, लालबुंद, झोपलेलं.

"गारेगार गाडीतून येईल म्हणाला होतात," ती म्हणाली. "आली की."

"गाडी माझी नाही पण."

"मांडी तर तुमची आहे."

काकांनी घसा खाकरला. मग टॅक्सीवाल्याला विचारलं, "तुमच्या एसीचा प्रेशर स्विच कधी बदलला होता?"

"तो कुठं असतो?" टॅक्सीवाला म्हणाला.

एवढ्यात बाळानं नाक आक्रसलं आणि बारीकशी शिंक दिली. फुस्स.

काकांनी बाळाला छातीशी धरलं, खांद्यानं दार ढकललं आणि ते रस्त्यापलीकडच्या भिंतीशी, मेंदीवाल्या बाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले.